माझ्या नावावर जमा

२७ नोव्हेंबर १९६१

आमच्या विभागाचे प्रमुख माथुरसाहेब यांनी आज मला बसायला खुर्ची दिली. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

कारखान्याचे मालक सेठजी, त्यांचे व्याही केसरीमलजी फेब्रुवारीत निवडणुकीला उभे राहताहेत. त्यांच्या निधीला आमच्या पंख्यांच्या कारखान्यातल्या प्रत्येकाने एका दिवसाचा पगार द्यायचा, ‘स्वेच्छेने’. मी विचारलं, कारखान्यानेच का देऊ नये?

“कारखान्याचं देऊन झालं,” माथुरसाहेब म्हणाले. “नव्या कायद्याने कंपनीच्या देणगीला कुंपण घातलंय. माणसांच्या देणगीला नाही.” मग चष्मा पुसत, “आपण माणसं आहोत, मिस शेलार.”

मला हे वाईट वाटलं नाही, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. कॉलेजात सर सांगत, उमेदवार एका धनिकाच्या पैशावर निवडून आला तर त्या धनिकाचा होतो; हजार गरिबांच्या चार-चार आण्यांवर आला तर त्यांचा होतो. फक्त देणाऱ्याने मनापासून दिलं पाहिजे. म्हणून संमतीच्या चिठ्ठीचा हिंदी मजकूर करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा ‘स्वेच्छा से’ हे शब्द मी पहिल्या ओळीत घेतले आणि खाली रेघ ओढली. माथुरसाहेबांना ती रेघ फार आवडली. आपल्या विभागात एक तरी माणूस अर्थ समजून काम करतो, असं वाटून मी आनंदाने सायकल हाणत घरी आले.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “समदी देत्यात तर तूबी दे. पर ह्यात हासायसारखं काय हाय?”

२ डिसेंबर

वाइंडिंग खात्यातल्या बायकांना चिठ्ठी वाचून दाखवली. तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळत त्या ऐकत होत्या. हात एकीचाही थांबला नाही. शेवटी मी सांगितलं, “यात सक्ती नाही. ज्यांना द्यायचं नसेल त्यांनी देऊ नये.”

धापूने मान वर केली. धापू या खात्यातली सर्वांत जुनी. तिच्या आधी घरात मुलीच मुली झाल्या, म्हणून ‘आता पुरे’ अशा अर्थाचं नाव ठेवलेलं. ती मात्र कधीच पुरे म्हणत नाही.

“नहीं दें तो क्या होगा, बाईसा?”

“काही होणार नाही.”

“और दें तो?”

“तरी काही होणार नाही.”

“जद तो दे ही दो,” मग देऊनच टाका, असं ती बाकीच्यांना म्हणाली, आणि सगळ्या ओढणीआड खिदळल्या. मग एकामागून एक अंगठे उमटले. मी प्रत्येकीला विचारलं, मनापासून का? प्रत्येकीने ‘हां बाईसा’ म्हटलं, त्याच सुरात ज्यात त्या फोरमनला ‘हां साब’ म्हणतात. एकीने तर केसरीमलजी कोण हे अंगठा दिल्यावर विचारलं.

कामगार बायकांचं हवं-नको बघणं हे माझं काम. गेल्या पावसाळ्यात यांच्या मुलांसाठी मी पाळणाघर मिळवलं तेव्हा मला वाटलं होतं, या बायका आता आपल्या हक्कांसाठी बोलायला लागतील. कसलं काय! संताप आला. अंगठ्याची शाई माझ्याही हाताला लागली ती घासून घासून निघेना.

४ डिसेंबर

ठरवलं. मी देणार नाही.

केसरीमलजींबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या खात्यात एकही माणूस ‘नाही’ म्हणत नाही तिथल्या ‘हो’ला किंमत काय? कुणीतरी एकाने ‘नाही’ म्हटलं, तरच बाकीच्यांची स्वेच्छा ही स्वेच्छा ठरेल. माथुरसाहेबांना मी हे असंच समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे आमच्या भल्यासाठी तू देणार नाहीस.”

“हो, सर.”

“बेटी, तुझी नोकरी पक्की कधी व्हायची?”

“एक मार्चला.”

“आणि तुझे पिताजी?”

आप्पा तारखात्यात लाइन इन्स्पेक्टर आहेत, मार्चअखेर निवृत्त होतात आणि स्टेशनजवळचं हे सरकारी क्वार्टर सोडावं लागणार, हे मीच त्यांना एकदा सांगितलं होतं. माझी नोकरी पक्की झाली तर चांदपोल भागात दोन खोल्या घेऊन इथेच राहायचं, धाकट्या भावाचं, दिलीपचं, इंटर पुरं करायचं. नाही झाली तर सगळ्यांनी तासगावकडे. तिथे मामांनी माझ्यासाठी एक किराणा दुकानदार हेरून ठेवलाय. तो म्हणे विचारत होता, मुलगी बी.ए. असली तरी स्वयंपाक येतो ना.

“ते माझ्यावर सोड,” माथुरसाहेब म्हणाले आणि फाइल उघडली. काय सोडायचं ते कळलं नाही. माझा मुद्दा त्यांना पटला असावा.

५ डिसेंबर

घरी रणकंदन. आप्पा कधी आवाज चढवत नाहीत, आज चढवला.

“आयुष्यभर खांबावर चढलो ते काय हौस म्हणून? वाऱ्यात खांब हलायला लागला की खांबाबरोबर हलायचं असतं, मालू. ताठ राहणारा खाली पडतो.”

“मी खांबावर नाही, आप्पा, जमिनीवर उभी आहे.”

“त्या जमिनीचंच म्हणतोय मी! मार्चनंतर कुठली जमीन?”

दिलीप मतलबी हसून म्हणाला, “ताई, पाच रुपयांत देश बुडत नाही.” तीन वर्षांचा असताना इथे आला, मराठी अर्धं हिंदीत बोलतो, आणि अक्कल मात्र पुरी बाजारातली. त्याला म्हटलं, तू तुझी बीजगणितं कर.

आई आपली भाकरी थापत राहिली. घरात तेवढीच एक समंजस आहे.

९ डिसेंबर

कारखान्यात बातमी पसरली आहे. टाइपिस्ट जयंत, माथुरसाहेबांच्या केबिनकडे बघत, कुजबुजला, “तुमने तो कमाल कर दिया.” मग म्हणाला, त्याने कालच भरले. मी विचारलं, मग कमाल वाटते तर का भरलेस? म्हणाला, कमाल बघायला नोकरी हवी ना.

धापू जेवणाच्या सुट्टीत आली. तारेने कापलेलं बोट चोखत उभी राहिली.

“बाईसा, सुणी छै थे ना कर दी.” ऐकलं, तू नकार दिलास.

“हो. तुम्हालाही ‘नाही’ म्हणता येतं हे दाखवायला.”

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, एखादी कोरी हंडी वाजवून बघावी तसं. “थे पढ्या घणा,” ती म्हणाली, “पण गुण्या कोनी.” शिकलीस पुष्कळ, मुरली नाहीस. मग माझ्या डब्यातली मिरचीची चटणी बोटावर घेऊन गेली.

यांच्यासाठी करायचं आणि वर यांच्याकडूनच ऐकायचं!

१९ डिसेंबर

गोवा मुक्त झाल्याची बातमी. कारखान्यात पेढे वाटले. त्याच पेढ्यांत माथुरसाहेबांनी दुसरी बातमी मिसळली: आमच्या विभागाची देणगी शंभर टक्के.

मी उठून म्हटलं, “सर, नव्याण्णव. मी दिलेली नाही.”

“शंभर टक्के,” ते पेढा माझ्या हातात ठेवत म्हणाले.

चुकीचे आकडे सेठजींपर्यंत जाऊ नयेत म्हणून मी रोखपाल बिरदीचंदजींच्या खिडकीशी गेले. त्यांनी सोन्याच्या काड्यांच्या चष्म्यावरून माझ्याकडे जे पाहिलं त्यात आदर होता असं मला वाटलं. “आपका तो आ गया, बाई, आ गया,” म्हणाले आणि हात जोडले. मला दुसरीच कुणी समजत असावेत. कारखान्यात लिहिण्या-वाचण्याच्या कामावर बाई मी एकटीच. तरीही घोटाळा करतात. या लोकांच्या हाती हिशेब!

७ जानेवारी १९६२

विशेष काही नाही. दिलीपचं फाउंटन पेन हरवलं. गेल्या वर्षी पहिला आला म्हणून मामांनी दिलेलं. मी ओरडले तर उलट माझ्याकडेच रागाने बघून गेला. आप्पा जुन्याच, टाचेला झिजलेल्या चपला शिवून आणत आहेत. दिवाळीपासून घ्यायच्या राहिलेल्या नव्या चपला त्यांनी अजून का घेतल्या नाहीत कोण जाणे. निवृत्तीजवळ माणूस चिक्कू होतो म्हणतात.

परवा आप्पा आमच्या कारखान्याच्या फाटकाशी दिसले. म्हणाले, तारेची लाइन बघायला आलो होतो. आमच्या फाटकाशी तारखात्याचा खांबच नाही, हे मला आता लिहिताना आठवतंय. उद्या विचारीन.

३ फेब्रुवारी

आठ ग्रह एका राशीत आले आहेत आणि जग बुडणार आहे. गोविंददेवजींच्या देवळात रांगा, गल्लोगल्ली हवन, तुपाचा भाव चढला. कारखान्यात निम्मे लोक गैरहजर. मी माथुरसाहेबांना माझ्या नेमणुकीबद्दल विचारलं तर म्हणाले, “पहले सोमवार तक दुनिया तो पक्की हो जाए.”

सुशिक्षित माणूस! आणि मनगटात गंडा. मी विचारलं, सर, तुम्ही हे मानता? म्हणाले, “मानत नाही. पण बांधायला काय जातं?” या एका वाक्यावर हा अख्खा कारखाना चालला आहे.

सोमवार

जग शाबूत. केसरीमलजी पुढच्या रविवारी कारखान्यात येऊन देणगीदारांचे आभार मानणार आहेत. हजेरी, अर्थात, स्वेच्छेने.

११ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहिते.

अंगणात मांडव, लाल जाजम, केसरीमलजी गादीवर. केशरी साफा, अंग भारी, चेहरा बरा. शेजारी सेठजी. बायका एका बाजूला घूंघट ओढून बसलेल्या. भाषणं झाली. मग बिरदीचंदजी उभे राहिले आणि म्हणाले, काही लोक सांगितल्यावर देतात, काही सांगण्याआधी देतात. पण या कारखान्यात एक कन्या अशी आहे की जिचं एकदा देऊन समाधान झालं नाही. तिने पुन्हा दिलं. पुन्हा दिलं. आणि मग आणखी एकदा दिलं. “आणि बाहेर सांगत राहिली की मी दिलंच नाही!”

टाळ्या. मीही वाजवल्या. मला खरंच वाटलं, कोण ही मूर्ख बाई?

“कुमारी विजयमाला शेलार!”

जयंतने मला मागून ढकललं नसतं तर मी हललेच नसते. केसरीमलजींनी झेंडूचा हार माझ्या हातात दिला. घालावा तर परकी मुलगी, म्हणून हातात. सेठजी स्वतः उठले. म्हणाले, अशी मुलगी एक मार्चला कशाला, आजपासून पक्की. पुन्हा टाळ्या. माथुरसाहेब सर्वांत जोरात वाजवत होते आणि त्यांचा चेहरा मात्र दाढ दुखत असल्यासारखा झाला होता.

माईक समोर होता. मी म्हटलं, “माफ करा, हे खरं नाही. मी एक पैसासुद्धा—”

तेवढ्यात बायकांमधून थाळी वाजली. धापूने सूर लावला. केसरीमलजी सेठजींचे व्याही, म्हणजे सगळ्या कारखान्याचेच व्याही असं धरून, लग्नात व्याह्यांना शिव्यांची गाणी म्हणतात तसं तिने सुरू केलं:

“ब्याईजी वोट मांगवा आया, धोती उधार की लाया…”

बाकीच्यांनी उचललं. एक ओळ मिशांवर, एक पोटावर, एक अशी की लिहिता येत नाही. मी माईकवर ओरडत होते, “ऐका! मी दिलेले नाहीत!” पण ते थाळीच्या गजरात ध्रुवपदासारखं ऐकू येत असावं, कारण लोक मान डोलवत होते.

“म्हारी पगार सूं पेट भरायो, ब्याईजी भूखा आया…”

सेठजी आधी दचकले, मग हसले. हसणं भागच होतं. व्याह्याला गाळी, म्हणजे अशी शिव्यांची गाणी, पडली की रागावणं हा अपशकुन. केसरीमलजी घाम पुसत हसत होते. आणि गाळी गाणाऱ्यांना व्याह्याने नेग, म्हणजे मानाची बिदागी, द्यायचा असतो. धापू पदर पसरून गादीसमोर जाऊन बसली आणि त्यांनी खिशातून नोटा काढून टाकेपर्यंत गात राहिली. पहिल्या नोटेला ती उठली नाही. दुसऱ्या नोटेलाही नाही.

मी हार हातात घेऊन तशीच उभी. माझं सत्य ऐकायला एक माणूस उरला नव्हता.

खाली उतरल्यावर मी धापूला धरलं. “मी बोलत होते! दोन मिनिटं थांबता आलं नाही?”

“कोनी आयो,” ती शांतपणे म्हणाली. नाही आलं. पदराच्या गाठीत नोटा बांधत होती.

१२ फेब्रुवारी

रात्रभर हिशेब केला आणि आज एकेकाला गाठलं.

आप्पांना. ते टोपीशी चाळा करत म्हणाले, “मी फक्त एकदाच भरले.” फक्त! म्हणून चपला नाहीत. म्हणून ‘तारेची लाइन’.

दिलीपला. पेन विकलं. “मला काय माहीत आप्पा पण भरणार? और तू तो मानती नहीं.” त्याला एक चपराक द्यावी की जवळ घ्यावं हे ठरेना, तेवढ्यात तो पळाला.

माथुरसाहेबांना. “ऑफिशियली मी काही केलेलं नाही,” म्हणाले. मग, “ते माझ्यावर सोड असं मी सांगितलं होतं. तू बाकी सगळ्यांवर का सोडलंस?”

शेवटी धापू. तिने कबूलही केलं नाही, नाकारलंही नाही. म्हणाली, नवी बाई आली तर पाळणाघराच्या खोलीत पुन्हा पंख्यांची खोकी रचतील. पाळण्यात तिची नात आहे. “थांको जाबो म्हाने कोनी पोसावै.” तुझं जाणं आम्हाला परवडत नाही.

म्हणजे ज्यांच्या स्वेच्छेसाठी मी ‘नाही’ म्हटलं, त्यांनी पुन्हा वर्गणी काढून माझं ‘हो’ विकत आणलं! कारखान्यात ज्या एका माणसाने काही दिलं नाही, तोच सर्वांत मोठा देणगीदार. प्रत्येकाने माझं भलं केलं आणि विचारलं मात्र कुणीच नाही. दुष्ट माणसांशी भांडता येतं. या लोकांशी कसं भांडायचं?

मी सगळ्यांना म्हटलं, पगारातून परत करीन. एकानेही ऐकलं नाही. आप्पा तर नव्या चपला बोचतात म्हणाले, न घेतलेल्या.

एक समाधान आहे. आईने यात काही केलेलं नाही. मी तिला विचारलंही. म्हणाली, “माज्याकडं कुठनं पैसं?” माझ्या शब्दाचा मान राखणारं घरात एक माणूस आहे, तेवढं पुरे.

१५ फेब्रुवारी

सेठजींना पत्र लिहिलं. साफ शब्दांत: माझ्या नावावर जमा झालेल्या रकमेत माझा एक पैसा नाही, मी देणगी द्यायला विचारपूर्वक नकार दिला होता, हे कळल्यावर मला नोकरीवर ठेवायचं की नाही ते आपण ठरवावं. माथुरसाहेब ‘निवडणुकीनंतर देतो’ म्हणाले, म्हणून मी स्वतः बिरदीचंदजींच्या हाती दिलं.

आता जे व्हायचं ते होवो. घरी सांगितल्यावर आप्पा अंगणात जाऊन उभे राहिले ते जेवायलाच आत आले.

१७ फेब्रुवारी

सेठजींनी पत्र वाचलं. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते फाटकाजवळच्या काचेच्या फलकात लावायला सांगितलं. वर लाल शाईत: ‘गुप्तदान का आदर्श’.

ये-जा करणारे वाचतात आणि मला नमस्कार करतात.

‘नाही’ हा एवढासा शब्द. तो किती प्रकारे म्हणायचा? तोंडी म्हटला, माईकवर म्हटला, लेखी दिला. यांना तो ‘हो’च ऐकू येतो.

पण एक जागा शिल्लक आहे. गुरुवारी मतदान. माझं पहिलं मत. पैसा कुणीही कुणाच्या नावाने भरू शकतं. आडोशामागे शिक्का मात्र ज्याचा त्याला मारावा लागतो. मी केसरीमलजींना मत देणार नाही. हे घरातही सांगितलं.

दिलीप म्हणाला, “सेठ को पता चला तो?”

“कळत नाही. मत गुप्त असतं.”

आई तांदूळ निवडत होती. “चिठीवर लंबर असतो म्हनं,” ती म्हणाली.

“असतो, आई, पण तो कुणी बघत नाही.”

“पर असतो.”

मग मी तिला अर्धा तास बसवून सगळं समजावलं: नाव कसं सांगायचं, शाईसाठी बोट कसं पुढे करायचं, चिन्हावर शिक्का कसा मारायचा. तिने इतकं लक्ष देऊन ऐकलं, दोन-दोनदा विचारलं. नावाशिवाय आणखी काही विचारतात का? तोंड बघतात का? मला फार बरं वाटलं. घरात कुणाला तरी लोकशाहीची गोडी लागली. आम्ही दोघी बरोबर जायचं ठरवलं.

२२ फेब्रुवारी

सकाळी उठले तर आई घरात नाही. गर्दी व्हायच्या आत म्हणून शेजारच्या रत्नप्रभाकाकूंबरोबर जाऊन मत देऊन आलीसुद्धा. “तुज्यासाठी थांबलो आस्तो तर ऊन झालं आसतं.” फेब्रुवारीत कसलं ऊन! बरोबर जायचं ठरलं होतं म्हणून मी रागावले. ती डाव्या हाताचं बोट पदरात घेऊन बसली होती.

शाळेत केंद्र. रांग. माझी पाळी आली. कारकुनाने यादीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

“आपका वोट तो पड़ चुका है, बहनजी.”

मला आधी कळलंच नाही. मग मी इतक्या जोरात “काय?” म्हटलं की बाहेरचा शिपाई आत आला. विजयमाला रंगनाथ शेलार ही मी आहे, बी.ए. आहे, ही माझी कॉलेजची ओळख आहे! कोण आलं होतं? कारकून म्हणाला, सकाळी सकाळी कुणी बाई होती, पदर पुढे ओढलेला. काही बोलली नाही. फक्त नाव सांगितलं आणि हात पुढे केला.

मी लगेच ओळखलं. माथुरसाहेबांचे शंभर टक्के! कारखान्याचा ट्रक मतदार गोळा करत सकाळपासून फिरतोय. कुणाला तरी माझ्या नावावर उभं केलं असणार. देणगी झाली, आता मतही.

कारकुनाला माझी दया आली असावी. यादी बघून म्हणाला, “भागुबाई रंगनाथ, ही तुमच्या मातोश्री? यांचं अजून बाकी आहे. तुम्ही ते देऊन टाका. हिसाब बराबर.”

“आई सकाळीच देऊन गेली!”

“खूण नाही.”

म्हणजे खऱ्या मतदाराची नोंद नाही आणि खोट्याची आहे! मी त्यांना म्हटलं, अशा गलथान कारभारावर मी तक्रार करीन. केंद्राधिकारी उठून आले. मी मतदानाच्या नियमांची पुस्तिका वाचलेली होती. म्हटलं, आपल्या नावावर दुसऱ्याने मत दिलं असेल तर खऱ्या मतदाराला वेगळी मतपत्रिका मागायचा हक्क आहे. ती मला द्या.

त्यांनी कपाळ दाबलं. “बहनजी, ती पेटीत पडत नाही. पाकिटात बंद करतो. मोजतसुद्धा नाहीत.”

“माहीत आहे.”

“मग काय फायदा?”

“ते मी दिलेलं असेल.”

मागची रांग ओरडत होती. त्यांनी कागद शोधायला बराच वेळ घेतला. आजवर कुणी मागितलाच नव्हता म्हणाले. बोटाला शाई लावली. आडोशामागे मी एकटी. शिक्का मारला, नीट, चौकटीच्या मधोमध. घडी घातली. त्यांनी पाकिटात ठेवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझी एक गोष्ट माझ्या हातून झाली आणि तशीच राहिली.

संध्याकाळी जेवताना सगळं सांगितलं. आप्पांनी आईकडे पाहिलं, मग ताटाकडे. दिलीपला ठसका लागला. मी म्हटलं, उद्या माथुरसाहेबांना जाब विचारणार. आईच्या हातून तव्यावरची भाकरी करपली, कधी नव्हे ते.

“त्यास्नी काय इचारू नगंस,” ती म्हणाली. “त्यांचा काय संबंध?”

“तू गप्प बस, आई. तुझीसुद्धा नोंद नाही केली त्या गाढवांनी.”

मग मी तिला पाकिटाचं सांगितलं. तिने तवा उतरवला, हात पुसले.

“पाकिटातलं मोजत न्हाईत नव्हं?”

“नाही.”

“कुनी उघडून बगत न्हाई?”

“नाही गं, कधीच नाही.”

“मग बरं झालं बाई,” ती म्हणाली, आणि किती दिवसांनी मोकळा श्वास टाकला. करपलेली भाकरी स्वतःला घेतली, चांगली माझ्या पानात वाढली.

तिला यातलं फारसं कळलं नसावं. पण माझ्याबरोबर एवढी कासावीस झालेली तीच एक. ताटाशी टेकलेल्या तिच्या आणि माझ्या डाव्या हातांच्या बोटांवर सारखीच शाई होती.